पंपामागचा ट्रे

बाटली उघडली आणि धाकटीने कपाळावर हात मारला. आतले सगळे किडे बोडके होते.

"परत थेट स्पिरिटमध्ये टाकलेत," ती म्हणाली. "किती वेळा सांगायचं या लोकांना, आधी झोपवा, मग बुडवा."

"सावकाश," शेजारच्या टेबलावरून आवाज आला. तिथे बसणाऱ्या गृहस्थाला हा एकच शब्द इतका आवडायचा की प्रयोगशाळेत त्याचं नावच सावकाश पडलं होतं. "टाक्या तपासत फिरणारा इन्स्पेक्टर आहे तो. दोन शब्द गोड बोलायला जमत नाहीत त्याला, किडे कुठून झोपवणार?"

पंखाकिडा म्हणजे तांदळाच्या कणीएवढा जीव. समुद्रात दगडाला नाहीतर शिंपल्याला चिकटून चिखलाची नळी बांधतो, आत अंग चोरून बसतो आणि डोक्यावरचा पिसारा तेवढा बाहेर पसरून पाण्यातलं खाणं गाळून घेतो. थंड पाण्यात औषध घालून त्याला हळूच गुंगी आणली तर पिसाऱ्यासकट हाती लागतो. स्पिरिटमध्ये धाडकन टाकला तर दचकून पिसाराच टाकून देतो, पाल शेपूट टाकते तसा. मग उरतं नुसतं अंग, आणि ओळख पटवायची ती त्या अंगावरून.

अंगाचे दोन भाग, छाती आणि पोट. दोन्हींत ओळीने खंड. प्रत्येक खंडाच्या कडेला केसांचा एक झुबका आणि बारीक आकड्यांची एक रांग. छातीत केस वर आणि आकडे खाली; पोटात बरोबर उलटं. जिथे हे वरखाली होतं तिथे छाती संपली असं समजायचं. छातीचे खंड आठ भरले तर तो साधा किडा. कालवाच्या पाठीवर गुपचूप राहतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. सहाच भरले तर तो पोखऱ्या. पोखऱ्या शिंपल्याच्या कडेत घर करतो, कड ठिसूळ होते, आतलं कालव खंगत जातं. कालवं टाक्यांत पाळतात, आणि शेजारच्या टाकीत जायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून तो सापडला की त्या शेतीतलं एकूण एक कालव चुन्यात पुरायचं, असा नियम होता.

धाकटीने पहिला किडा हिरव्या रंगात बुडवून काढला, काचेवर डोकं डावीकडे येईल असा आडवा ठेवला आणि सुईच्या टोकाने मोजत गेली. सहा. दुसरा, सहा. तिसरा, सहा. एकात पाचच दिसले. तो तुटका असेल म्हणून तिने बाजूला सारला. पुढचे सगळे पुन्हा सहा. असं चोख उत्तर क्वचित मिळतं. तिने 'पोखऱ्या' लिहिलं, बाटलीचं झाकण, त्या खेपेतलं एकुलतं निळं, घट्ट लावलं आणि हात धुतले. शेती कोणाची हे बाटलीवर मुद्दाम लिहीत नसत, नुसता क्रमांक असायचा. त्यामुळे तिचं मन हलकं होतं.

पाळणाघरातून गोटीला घेतलं तेव्हा गोटीच्या मुठीत कोणाचं तरी बटण होतं आणि ते ती द्यायला तयार नव्हती. गोटीला नुकतंच दुसरं वर्ष लागलं होतं आणि सध्या तिचा जगाशी करार एवढाच होता: जे हातात आलं ते माझं. घरी येऊन धाकटीने तिला मऊ भात भरवायला घेतलं, तेवढ्यात फोन वाजला. थोरली जाऊ.

"अगं, आमच्याकडे तो इन्स्पेक्टर येऊन गेला," थोरली नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली. "कालवांवर किडे आहेत म्हणाला. विक्री बंद करून गेलाय. तुमच्याकडेच पाठवतात ना ते? निळ्या झाकणाच्या बाटलीत भरून नेलेत मेल्याने."

चमचा वाटी आणि तोंड यांच्यामध्ये थांबला. गोटीने आ वासून वाट पाहिली, मग स्वतःच पुढे झुकून घास घेतला.

"ऐकतेयस ना?"

"हो, वहिनी."

"साधेच असतील ना गं?"

"बघतात तिथे," धाकटी म्हणाली. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

थोरले भाऊजी एकदा पडले, तेव्हापासून त्यांची पाठ कामातून गेली होती. कालवांच्या टाक्या, पंप, ट्रे उचलणं, गिऱ्हाईक सांभाळणं, सगळं थोरलीच बघायची. यंदाचा माल भरून विक्रीला आला होता आणि त्या घराचा सगळा डोलारा त्याच मालावर होता. गोटी झाली तेव्हा टाक्या शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून ही बाई धाकटीकडे येऊन राहिली होती. बाळाच्या लंगोटापासून पंख्याच्या पात्यांपर्यंत सगळं घासून काढून मगच परत गेली होती. जाताना म्हणाली होती, "तुझं घर स्वच्छ आहे गं. पण वरवर."

दुसऱ्या दिवशी धाकटी सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. कमी बोलायच्या, आणि बोलल्या की त्यावर अपील नसायचं.

"बाई, निळ्या झाकणाची बाटली माझ्या जावेच्या शेतीतली आहे. मला काल बघताना माहीत नव्हतं."

"आता आहे ना? मग तू बाजूला हो. सावकाश बघेल. त्याच्याशी या बाटलीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. तुला काय दिसलं, तेही नाही."

"मी सहा मोजलेत, बाई. मी काही त्यांना वाचवत नाहीये."

"बुडवत असलीस तरी नाही."

सुट्टीच्या दिवशी गोटीला कडेवर घेऊन ती थोरलीकडे गेली. नवऱ्याने "मी येऊ का?" विचारलं, ती "नको, तोंड बघून वहिनी ओळखतील, एकच तोंड पुरे" म्हणाली.

थोरली टाक्यांच्या शेडमध्ये होती. पायात रबरी बूट, पदर खोचलेला, हातात जाड तारेचा ब्रश. ट्रेमधून एकेक कालव उचलायची, खसाखसा दोन्ही पाठी घासायची, पाण्यात बुचकळून दुसऱ्या ट्रेमध्ये मांडायची. विक्री बंद असो की चालू, हाताची चाल तीच.

"वहिनी, आता कशाला घासताय?"

"बंद म्हणून काय घाण ठेवू?" थोरलीने गोटीला लांबूनच पापी दिली, कारण हात ओले होते. "महिन्याचा दिवस आहे आज. सगळ्या टाक्या एकाच दिवशी काढते मी. एक आज, एक उद्या असं अर्धवट ठेवलं की मला झोप येत नाही."

धाकटी गोटीला खाली सोडून उभी राहिली होती. ती खाली बसली. ट्रेमधलं एक घासलेलं कालव उचलून तिने पर्समधलं भिंग काढलं. शिंपल्याच्या खाचांत चिखलाच्या नळ्यांचे बुंधे उरले होते. वरची तोंडं ब्रशने उडवलेली. एका बुंध्यात काहीतरी हललं. शेपटाकडचा अर्धा किडा, बिनडोक्याचा, पण जिवंत.

तिला शिकताना वाचलेलं आठवलं. हा किडा तुटला तर मरत नाही. उरलेल्या पोटाला पुढून नवं डोकं फुटतं, नवा पिसारा येतो. पण छाती तो नव्याने बांधत बसत नाही. पोटाचेच खंड एकेक करून छातीचे करतो. खालचे केस गळतात, वर नवे उगवतात. वरचे आकडे जातात, खाली नवे येतात. पुढून मागे, एकामागून एक, आठ भरेपर्यंत. आणि थोरली सगळ्या टाक्या एकाच दिवशी घासते. म्हणजे सगळे एकाच दिवशी तुटलेले, सगळे बरोबरीने सहापर्यंत पोचलेले. आठाच्या वाटेवर निघालेल्यांना मध्येच पकडून तिने पोखऱ्या ठरवलं होतं. पिसारे असते तर त्यांच्या आखूडपणावरून एका नजरेत कळलं असतं. पण पिसारे इन्स्पेक्टरच्या स्पिरिटमध्ये गळून गेले होते.

आणि तिने तरी काय केलं होतं? सगळे किडे डोकं डावीकडे करून मांडले आणि वरची, म्हणजे डावीच बाजू मोजली. पुस्तकातली चित्रं तशी असतात म्हणून. उजवी बाजू पाहिलीच नव्हती. अर्ध्यावर असलेल्या किड्याची डावी-उजवी बाजू थोडी मागेपुढे असणार, तिथे तो सापडला असता.

असलाच तर. हे सगळं भिंगाखालच्या एका अर्ध्या किड्यावरून आणि जावेच्या मायेतून सुचलेलं होतं, हेही तिला कळत होतं.

शेडच्या बाहेर जाऊन तिने मोठ्या बाईंना फोन लावला.

"बाई, त्या बाटलीबद्दल..."

"नाही."

"मी काय दिसलं ते सांगत नाहीये. दुसरा नमुना घेता येईल का, एवढंच विचारतेय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मोठ्या बाईंनाही कुकर असतो हे धाकटीच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"मालकाला दुसरा नमुना मागायचा हक्क आहे. एकदाच. कुठून घ्यायचा, तेही मालकाने दाखवायचं. त्यावर जे ठरेल ते शेवटचं. तू मालक आहेस का?"

"नाही."

"मग मला का विचारतेस?" आणि फोन बंद.

धाकटी आत आली. "वहिनी, कधीच ब्रश न लागलेलं एखादं कालव आहे का तुमच्याकडे?"

थोरलीचा हात थांबला. इन्स्पेक्टरने विक्री बंद केली तेव्हासुद्धा तिचा चेहरा असा झाला नसेल.

"माझ्याकडे? न घासलेलं?"

"एक तरी. कुठे कोपऱ्यात, पाइपात."

"पाइपसुद्धा आतून घासते मी. बाटली धुवायच्या ब्रशला काठी बांधून." थोरलीचा आवाज चढला. "तू माझ्याकडे काय शोधायला आलीस गं?"

शेडच्या दाराशी खाट टाकून भाऊजी आडवे होते. गोटी त्यांच्या छातीवर बटण चालवत होती. छताकडे बघत ते म्हणाले, "पंपामागचा सांग की."

"तुम्ही गप्प पडा."

"पडलोच आहे. दुसरं काय जमतंय?"

थोरलीने ब्रश ट्रेच्या कडेवर आपटला. मग धाकटीकडे न बघता, एखादं लांच्छन सांगावं तसं सांगितलं. पंप बसवताना एक ट्रे मागच्या हौदात पडला होता. तिथे हात पोचत नाही, आकडी पोचत नाही. पंप हलवायचा तर चार माणसं लागतात. पाणी खेळतंय म्हणून कालवं जगली आहेत. अंगावर बोटभर गाळ चढलाय. तिकडे बघायलाच नको म्हणून तिने पुढे एक फळी टेकवून ठेवली होती.

धाकटीने तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं, गोटीला गोष्ट सांगते तसं, तुकड्या-तुकड्याने. आपण सहा मोजले, हेही सांगितलं. थोरली ऐकत राहिली.

"म्हणजे तू आम्हाला पुरायला निघाली होतीस," ती शेवटी म्हणाली.

"हो. आणि आत्ताही चुकत असेन. त्या ट्रेमध्ये सहाच निघाले तर संपलं, वहिनी. पुन्हा मागता येणार नाही."

"आणि तो इन्स्पेक्टर तो ट्रे बघणार."

"बघणार."

"उभ्या जन्मात मी कोणाला असलं काही दाखवलं नाही. तो सगळीकडे सांगत फिरेल."

"मग सगळी पुरली तर चालतील?"

"पुरली तर स्वच्छ पुरतील," थोरली म्हणाली.

भाऊजी खाटेवर हसायला लागले, हसताना पाठीत कळ आली, कळ आली म्हणून कण्हले, आणि गोटीला वाटलं हा खेळच आहे, ती टाळ्या पिटायला लागली. थोरलीने त्या दोघांकडे पाहिलं. मग ब्रश ट्रेमध्ये ठेवला आणि फोनसाठी हात पुढे केला. "नंबर लावून दे त्याचा. माझे हात ओले आहेत."

इन्स्पेक्टर आला त्या दिवशी धाकटी तिथे गेली नाही. मोठ्या बाईंनी त्याच्याबरोबर गुंगीचं औषध दिलं होतं आणि ते कसं वापरायचं हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं. संध्याकाळी थोरलीचा फोन आला.

"चार माणसं बोलावून पंप हलवला. ट्रे काढला."

"काय म्हणाला तो?"

"काही नाही. मान वाकडी करून नुसता बघत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं."

नवी बाटली सावकाशच्या टेबलावर आली. धाकटी आपल्या टेबलावर दुसऱ्याच कामात डोकं घालून बसली होती, पण तिचे कान शेजारी होते. सुई काचेला लागल्याचा टिक टिक आवाज यायचा. मध्ये बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक टिक. माणूस इतका हळू मोजतो कसा, असं तिला वाटलं आणि लगेच वाटलं, आपणही असं मोजलं असतं तर.

"ए धाकटे, हे जरा..." सावकाश म्हणाला आणि थांबला. "नाही. तुझ्याशी बोलायचं नाही मला."

तो उठला, पाणी प्यायला, खिडकीशी उभा राहिला. परत येऊन त्याने कपाट उघडलं आणि जुनी, निळ्या झाकणाची बाटली काढली. धाकटीने समोरच्या भांड्यातल्या किड्याकडे बघायचा प्रयत्न केला. तो काय होता हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारी किडे पालथे करण्याचा, पुन्हा उलटे करण्याचा आवाज येत होता. आवाज तसा काही नव्हताच, पण तिला येत होता.

मग सावकाश चक्क घाईने उठला. प्रयोगशाळेत हे पहिल्यांदाच घडत होतं. तो मोठ्या बाईंच्या खोलीत गेला आणि थोड्या वेळाने दाराशी येऊन म्हणाला, "बाई बोलावतायत. आता बोललं तरी चालतं."

टेबलावर दोन्ही बाटल्या होत्या.

"नव्या बाटलीत सगळे आठ," सावकाश म्हणाला. "दोन्ही बाजूंनी. पिसारे असे भरगच्च. साधा किडा, शंकाच नाही. मग म्हटलं, त्याच शेतीच्या जुन्या नोंदीत सहा कसे? म्हणून जुने परत काढले आणि उजव्या कुशीवरून डाव्या कुशीवर केले. एक बघ तू. डावीकडून सहा, आणि उजवीकडे सातवा अर्धा झालाय. वर दोन केस फुटलेत, खालचे अजून गळायचेत. जन्मात असलं पाहिलं नव्हतं. तुटून पुन्हा वाढतायत ते, सगळेच्या सगळे." तो श्वास घ्यायला थांबला. "आणि तो पाच खंडांचा कोणी बाजूला काढून ठेवला होता? तो तुटका नाही काही. नुसता मागे राहिलाय बिचारा."

"मी ठेवला होता," धाकटी म्हणाली. तिने आधी त्या मागे राहिलेल्यालाच बघायला मागितलं.

मोठ्या बाई चष्म्यावरून बघत होत्या. "तू डावीच बाजू मोजलीस?"

"हो, बाई."

"हं. यापुढे दोन्ही बाजू मोजल्याशिवाय कोणी काही लिहायचं नाही. मीसुद्धा." मग त्यांनी कागद ओढून घेतला. "साधा किडा. विक्री खुली. जा, फोन कर जावेला. आणि मी कर म्हटलं, असं कुठे बोलायचं नाही."

थोरलीने फोनवर सगळं ऐकून घेतलं. पलीकडे काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला, म्हणून धाकटीने हाक मारली.

"आहे गं, इथेच आहे," थोरली म्हणाली. नाक ओढल्यासारखा आवाज झाला. "ट्रे घासायला घेत होते. आता पंप बाजूला आहेच तर म्हटलं एकदाचा..."

"नको! वहिनी, तो एक ट्रे तसाच ठेवा. पुढे कधी परत असं झालं तर दाखवायला न घासलेलं काहीतरी हवं ना."

"तसाच? उघड्यावर?"

"तसाच."

"कोणी आलं-गेलं तर?"

"सांगायचं, जावेने ठेवायला लावलाय."

"ते तर सांगीनच," थोरली म्हणाली. "दुसरं काय सांगणार?"

पुढच्या सुट्टीला ते तिघं गेले तेव्हा माल निघत होता. भाऊजी खाटेवरून ओरडून ओरडून सूचना देत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. गाळाचा ट्रे भिंतीलगत एका वेगळ्या टाकीत ठेवला होता. टाकीवर जुन्या चादरीचं झाकण होतं, चारी कडा दुमडून शिवलेलं, इस्त्री केलेलं.

धाकटीने झाकण उचललं. पाण्याखाली गाळाने माखलेली कालवं आणि त्यांच्यावर पिसारे, तपकिरी, पांढरे, एकाला एक लागून, जागा नाही म्हणून भांडावं इतके. गोटी बघायला वाकली, तिची सावली पाण्यावर पडली आणि सगळे पिसारे एकदम आत गेले. गोटी दचकून आईच्या पायाला चिकटली. थोड्या वेळाने एक पिसारा बाहेर आला, मग दुसरा, मग सगळेच.

"अजून," गोटी म्हणाली आणि पुन्हा वाकली.

थोरली ब्रश घेऊन जवळून चालली होती. ती थांबली. गोटीने तिसऱ्यांदा सावली पाडली तोपर्यंत ती तिथेच उभी होती.

"ब्रश लागला की एवढं सगळं जातं होय," ती म्हणाली. मग हातातल्या ब्रशकडे पाहून पुढच्या टाकीकडे निघाली. दोन पावलांवरून वळली. "बघून झालं की झाकण घाला नीट. गिऱ्हाईक येतंय."